गावचा इतिहास सुरात मांडायचा तर: पायपेटी, बँडपार्टी आणि भजनी मंडळ एका मंचावर कसं आणायचं

गावात कार्यक्रम ठरला की आधी मंडपवाला सांगतात, मग पाहुणे, मग पत्रिका. वाजवणार कोण आणि वाजणार काय, हे शेवटच्या आठवड्यावर जातं. गावच्याच वादकांना घेऊन गावच्याच इतिहासावर मैफल करायची असेल तर हा क्रम उलटा लागतो. सगळ्यात आधी ऑर्गन (पायपेटी), कारण त्याचा सूर आयत्या वेळी हलवता येत नाही. तबला चढतो-उतरतो, गाणारा अर्धा सूर खाली येतो, क्लॅरोनेटवाला थोडंफार सांभाळून घेतो. ऑर्गन मात्र जिथे आहे तिथेच राहतो. म्हणून त्याच्यापासून सुरुवात करायची आणि बाकी सगळं त्याच्याभोवती बसवायचं.

पुढचं सगळं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा भाग डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. वऱ्हाडात धानाच्या जागी कापूस घ्या आणि तारखा तेवढ्या बदला. बाकी काम तेच.

ऑर्गन कुठे मिळेल

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की नाटकाच्या पेंडॉलमधला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आठवतो. तोही लागेल, पण मंचाच्या मधोमध पायाने भाता मारायची लाकडी पायपेटी असावी असं माझं मत आहे. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन होता. त्या वळणाची नाटकं पाहून गावोगावच्या हौशी मंडळांनीही पायपेट्या घेतल्या. त्यातल्या काही अजून आहेत. जुन्या नाट्यमंडळाच्या सामानाच्या खोलीत, एखाद्या मालगुजाराच्या (जुन्या जमीनदाराच्या) वाड्याच्या माडीवर, मिशनच्या जुन्या चर्चमध्ये, तालुक्याच्या संगीत विद्यालयात विचारा. 'पायपेटी आहे का?' म्हटलं तर नाही म्हणतील. 'आजोबांच्या वेळची नाटकाची पेटी कुठे गेली?' असं विचारलं की कोणीतरी कोठ्याकडे बोट दाखवतं.

मालकाशी बोलणी झाली की साध्या कागदावर लिहून घ्या: कधी नेणार, कधी परत आणणार, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, आणि आत्ता काय काय बिघडलेलं आहे. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. नंतर 'ही फळी आधी फुटलेली नव्हती जी' हा वाद टळतो.

पायपेटी मिळालीच नाही तर अडून बसू नका. कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावून आणि सोबत एक चांगली हातपेटी घेऊनही कार्यक्रम होतो. पण शोध सोडण्याआधी आजूबाजूच्या दहा गावांत तरी विचारा.

पेटी उघडून पाहणे

पेटीत 'सूर' म्हणजे हवेने थरथरणारं पितळी पातंही. हातपेटीत हवा सुरांमधून बाहेर फेकली जाते. बहुतेक पायपेट्यांत उलटं असतं: पाय मारले की भाता आतली हवा ओढून काढतो आणि बाहेरची हवा सुरांमधून आत शिरते. बाहेरची हवा धूळ घेऊन येते, म्हणून वर्षानुवर्षं बंद पडलेल्या पेटीचे निम्मे सूर धुळीनेच मुके झालेले असतात. हे कळलं की घाबरायला होत नाही.

पहिली परीक्षा भात्याची. एकही पट्टी न दाबता पाय घट्ट लागेपर्यंत मारा आणि थांबा. आतला ताण पंधरा-वीस सेकंद टिकला तर कार्यक्रम निघतो. लगेच ढिला पडला तर भात्याचं रबरी कापड फाटलेलं किंवा शिवणीला सुटलेलं आहे. लहान भोक असेल तर आतून-बाहेरून कापडाचं ठिगळ लावून भागतं. कापडच कडक होऊन तडकलं असेल तर पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे पाठवावी लागते. त्याला वेळ द्या. आठ दिवसांत करून द्या म्हणाल तर तो फक्त चिकटपट्टी लावून देईल.

दुसरी परीक्षा एकेका सुराची. एकच खुंटी (आवाज निवडायची दांडी) ओढा आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी दाबत जा. वहीत तीन रकाने करा: मुका सूर, भरभरणारा सूर, आणि पट्टी सोडली तरी वाजत राहणारा सूर. मुका सूर बहुधा धुळीचा असतो. तो सूर त्याच्या खाचेतून हलक्या हाताने ओढून काढायचा, मऊ ब्रशने झटकायचा, परत सरकवायचा. वाजत राहणाऱ्या सुराच्या पट्टीखालच्या झडपेत काहीतरी अडकलेलं असतं, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी शेजारणीला घासत असते. आमच्या भागात धानाच्या कोठ्याशेजारी ठेवलेल्या पेटीत हमखास उंदीर शिरतो. मागची फळी उघडली की नमद्याचे कुरतडलेले तुकडे आणि धानाची फोलं मूठभर निघतात. ती काढल्यावर जे सूर बंद होते त्यातले अर्धे बोलायला लागतात, आणि पेटी मेली म्हणून सोडून दिलेल्या मालकाचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असतो.

एक गोष्ट मात्र करू नका. सूर बेसूर वाटला म्हणून पितळी पातं खरवडू नका. टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. ते काम कारागिराचं.

ने-आण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच होणार. खाली तणसाचा जाड थर, त्यावर सतरंजी, आणि पेटी उभीच. आडवी घालायची नाही. उचलताना तळाखाली हात घालून चौघांनी उचला. पट्ट्यांच्या फळीला धरून उचललेली पेटी हातात फळी ठेवून खाली राहते.

पट्टी ठरवणे

इथे थांबून नीट डोकं लावायचं आहे, कारण अशा मैफली बहुतेक इथेच फसतात.

मोबाइलवर ट्यूनरचं ॲप घ्या. मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे 'ए', दाबा (पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या 'सी'पासून वेगवेगळ्या मोजायच्या). आजची वाद्यं ४४० हर्ट्झला मिळवलेली असतात. जुनी पायपेटी ४३५ च्या आसपास निघू शकते किंवा त्याहून बरीच वर. पेटी खाली असेल तर चिंता नाही: क्लॅरोनेटचा वरचा सांधा किंचित बाहेर ओढला, ट्रंपेटची नळी सरकवली की ती खाली येतात. पेटी ४५० च्या वर असेल तर मात्र फुंकायची वाद्यं तिथपर्यंत चढत नाहीत. अशा वेळी बँडची गाणी कीबोर्डवर घ्या आणि पायपेटी फक्त नाट्यपदं-भजनांना ठेवा. दोन्ही एकाच गाण्यात घेऊ नका. कीबोर्डचा सूर सेटिंगमधून कमी-जास्त करता येतो, म्हणून तो ज्याच्या सोबत असेल त्याला मिळवून घ्यायचा. हातपेटीला ती सोय नाही. ती पायपेटीशी जुळत नसेल तर तिला त्या दिवशी विश्रांती.

मग प्रश्न कोणती पट्टी घ्यायची, म्हणजे 'सा' कुठल्या सुरावर धरायचा. लग्नातल्या बँडमधलं क्लॅरोनेट आणि ट्रंपेट बहुधा बी-फ्लॅटचं असतं, म्हणजे वादक जो 'सी' समजून वाजवतो तो पेटीवर काळी पाच असतो. त्यामुळे पेटीवाल्याला सोपी वाटणारी पांढरी दोन, पांढरी तीन किंवा पांढरी सहा बँडवाल्याच्या बोटांना अवघड जाते. काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच या त्याच्या घरच्या पट्ट्या. काळी एकही चालते.

माझा सल्ला: पुरुषांची गाणी काळी दोनमध्ये, बायकांची काळी चारमध्ये. दोन्ही पट्ट्या बँडला सोयीच्या आहेत आणि गळ्यालाही बहुधा मानवतात. वर एक फायदा तबलजीचा. काळी दोन हा काळी चारचा पंचम, म्हणून काळी दोनला मिळवलेला एकच तबला दोन्हीकडे चालतो. गाण्यागणिक हातोडी ठोकत बसायला लागत नाही. सगळ्या गाण्यांची यादी, पट्टी आणि ताल एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक वादकाला द्या. 'भाऊ, तुमच्या पेटीले आमचं क्लॅरोनेट लागतच नाही जी' ही तक्रार तालमीच्या पहिल्याच दिवशी ऐकू आली तर नशीब समजा. कार्यक्रमाच्या रात्री ऐकू आली तर काही करता येत नाही.

माणसं आणि तारीख

गावात वाजवणारे चार जागी असतात: भजनी मंडळ, बँडपार्टी, झाडीपट्टीच्या नाटकात बसणारे वादक, आणि शाळेतली मुलं. या चौघांना मोकळा वेळ एकाच वेळी कधी मिळतो? नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) लागली की सुरू होतो आणि वडशाच्या नाटक कंपन्यांचे वादक रोज रात्री नव्या गावात असतात. बँडवाले तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईत गुंततात. धानकापणी-मळणीत तर कोणीच सापडत नाही.

यातून फट सापडते ती पौषात. धान घरी आलेलं असतं, बांध्या (धानाची शेतं) मोकळ्या झालेल्या असतात, लग्नं लागत नाहीत म्हणून बँडपार्टी रिकामी असते. नाटकाचा ऑर्गनवादक मात्र तेव्हाही धावपळीत असतो. त्याची मोकळी रात्र विचारून मगच तारीख ठरवा. आधी तारीख ठरवून मग त्याला विचारू नका. आजूबाजूला शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा नाटक त्याच दिवशी नाही ना, हेही पाहा. शंकरपटापुढे आपल्या मैफलीला कोणी येणार नाही, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

नाटकाचे वादक आणि बँडवाले यांचं पोट यावर चालतं, म्हणून त्यांचं मानधन आधी बोलून घ्या. 'गावचाच कार्यक्रम आहे, समजून घ्या' हे वाक्य तोंडातून काढू नका. भजनी मंडळ पैसे घेणार नाही. त्यांना येण्याजाण्याची गाडी आणि जेवण. आणि बँडवाल्यांबद्दल आणखी एक. लग्नात ते मंडपाबाहेर उभे राहून वाजवतात आणि बरेचदा मंडपामागेच जेवतात. इथे त्यांना मंचावर खुर्ची आणि पंगतीत पान हवं. हे आयोजकांच्या बैठकीतच ठरवून टाका, आयत्या वेळेवर सोडू नका.

इतिहास गोळा करणे

दोन बाजूंनी काम चालतं: कागद आणि माणसं.

कागदांत सुरुवात शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरपासून करा. जुन्या शाळेचं रजिस्टर म्हणजे गावात कोण कुठून आलं, कोणाचं पोर किती शिकून शेतावर गेलं, याची यादी. मग तहसीलमधली कोतवाल पंजी (जन्म-मृत्यूची नोंद), पी-१ (जमिनीचा जुना उतारा), आणि गावचं वाजिब-उल-अर्ज व निस्तारपत्रक. तलावाचं पाणी कोणत्या पाळीने सोडायचं, गुरं कुठे चारायची, जंगलातून लाकूड कोणी किती आणायचं, हे गावचे रिवाज त्यात लिहिलेले असतात. निवेदनासाठी याच्यासारखा माल नाही. भंडारा जिल्ह्याचं १९०८ चं आणि चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्याचं १९०९ चं गॅझेटियर वाचा, पण ते साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून.

कागद कुठे शोधायचे ते जिल्ह्याच्या इतिहासावर ठरतं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून निघाला, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. त्याआधीचं दफ्तर जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी असू शकतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, म्हणून काही कागद हिंदीतही मिळतील. नागपूरच्या पुराभिलेखागारातही चक्कर टाका.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. 'कोनतं साल ते मले का मालूम, पन बोडी फुटली त्याच वर्षी माह्या मोठ्याचा जनम,' असं उत्तर येतं, आणि तेच उत्तर हवं आहे. पुरावरून, दुष्काळावरून, तलाव फुटण्यावरून, गाडी सुरू होण्यावरून काळ बांधायचा. वैनगंगेकाठी २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर सगळ्यांना आठवतो. 'त्या पुराचं पाणी कुठवर आलं, आणि याच्याआधी इतकं कधी आलं होतं?' एवढ्या एका प्रश्नावर माणूस तासभर बोलतो. वस्तू पुढे ठेवली तर आणखी बरं: जुनी पायली, नाटकाची पत्रिका, लग्नाचा फोटो. मोबाइलवर आवाज नोंदवा, पण आधी विचारून. आणि एकाच मोहल्ल्यात बसून उठू नका. तलाव खोदवून घेणाऱ्याच्या घरी एक गोष्ट मिळते, माती वाहणाऱ्याच्या घरी दुसरी. दोन्ही मंचावर यायला हव्यात.

वर्गणीचा मोठा आकडा देणाऱ्याला आपल्या घराण्याचा इतिहास सांगून हवा असतो. त्याला पत्रिकेत नाव द्या, निवेदनात नको.

गोष्ट आणि गाणं बांधणे

अर्धा तास भाषणातून इतिहास आणि मग दोन तास गाणी, असं केलं तर भाषणात लोक शेंगा सोलतात आणि गाण्यात इतिहास विसरतात. प्रत्येक गोष्ट गाण्याच्या तोंडाशी येऊन थांबली पाहिजे, आणि प्रत्येक गाण्याला त्या जागी असण्याचं कारण हवं. दोन तासांचा कार्यक्रम, चार-पाच भाग, प्रत्येक भागात तीन-चार गाणी, आणि निवेदन एका वेळी दोन मिनिटांच्या आत. नमुना म्हणून एक आखणी सांगतो. आपल्या गावाप्रमाणे बदला.

पहिला भाग तलावाचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने या भागात तलाव बांधले, धानाला पाणी दिलं. पुढे मालगुजारी आली आणि १९५१ साली गेली. तलाव 'माजी मालगुजारी' झाले आणि सरकारी बोलीत मामा तलाव. ही गोष्ट संपते तिथे रोवण्याची (धानाच्या लावणीची) गाणी. ती बायकांनीच म्हणायची, ज्या खरोखर बांधीत वाकून पऱ्हे रोवतात त्यांनी. इथे ऑर्गनवाल्याची परीक्षा आहे. बायका आपल्या मनाने सूर धरतात आणि तो पुष्कळदा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसतो. पेटीवाल्याची बोटं तो सूर शोधत फिरायला लागली की बायका थबकतात, एकमेकींकडे पाहतात आणि गाणं मरतं. म्हणून पहिल्या गाण्याला पेटी बंद. दुसऱ्या गाण्याआधी पेटीने नुसता षड्ज-पंचम धरून ठेवायचा. बहुतेक वेळा गळा आपोआप तिकडे सरकतो. सरकला तर साथ करा, नाही सरकला तर हात मांडीवर ठेवून ऐका.

दुसरा भाग गाडीचा. गोंदिया ते चांदा आणि नागपूर ते नागभीड या अडीच फुटी रुळांवर या मुलखाचं येणंजाणं चाललं. गोंदिया-चांदा रूळ नव्वदच्या दशकात मोठे झाले, नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ साली थांबली. हा भाग बँडचा. गाडीचा ठेका डग्ग्यावर, शिट्टी क्लॅरोनेटवर, आणि पायपेटीचा खालचा सप्तक इंजिनाला. मुलांना यात घ्या; गाडी होण्यात त्यांच्यासारखं कोणी नाही.

तिसरा भाग १९४२ चा. १६ ऑगस्ट १९४२ ला चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर पेटलं, त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातलं आष्टीही. चिमुरात तुकडोजी महाराजांच्या भजनांनी लोकांना उठवलं होतं. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण पडला, नंतर लष्कर आलं आणि बायकांवर अत्याचार झाले. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी दीर्घ उपोषण केलं. आपल्या गावातून कोणी गेलं होतं का, कोणाच्या घरात कोणी लपलं होतं का, ते शोधा. नसेल तर ओढूनताणून आणू नका. संगीत एकच: खंजिरी. ऑर्गन नाही, बँड नाही, टाळसुद्धा कमी. बाकीची वाद्यं गप्प बसलेली लोकांना दिसली पाहिजेत.

चौथा भाग मंडईचा आणि नाटकाचा. दंडार, खडीगंमत ही जुनी लोकनाट्यं, मग संगीत नाटक, मग आजचं झाडीपट्टीचं नाटक. या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे निवेदनात यावं. इथे पायपेटी खरी बोलते. गुडघ्याने ढकलायच्या फळीने आवाज चढवत-उतरवत नाट्यपद कसं फुलवतात ते लोकांना दिसू द्या. पेटी थोडी तिरपी ठेवली की वादकाचे पाय आणि गुडघे समोरून दिसतात. याच पेटीच्या धाकट्या बहिणीला, हातपेटीला, आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ बाहेर ठेवलं होतं, आणि त्या सगळ्या काळात खेड्यातलं भजन तिच्यावरच चाललं. हे सांगितलं की भजनी मंडळाच्या पेटीवाल्याची मान ताठ होते.

शेवटचं गाणं सगळ्यांचं. ते काळी दोनमध्ये, साध्या केरवा तालात, सगळ्यांना आधीपासून पाठ असलेलं. नवीन काही इथे करू नका.

निवेदन बोलीत लिहा. 'सदर तलावाची निर्मिती' असं वाक्य आलं की खोडा. 'हा तलाव कोणी बांधला ते सांगतो, पन त्याच्याआधी माती कोणी वाहली ते आयका,' असं सुरू झालं की मागच्या रांगेतली बिडीही विझते. निवेदक बाहेरून आणू नका. गावातली एक शिक्षिका आणि एक म्हातारा अशी जोडी छान जमते: ती कागदातलं सांगते, तो म्हणतो 'तसं नव्हतं बाई,' आणि आपलं सांगतो. निवेदन चालू असताना ऑर्गनने मंद षड्ज धरून ठेवला तर पुढच्या गाण्याचा सूर गाणाऱ्याच्या कानात आधीच बसतो.

तालीम

आधी वेगवेगळी, मग एकत्र. बँडवाले कानाने उचलतात, भजनी मंडळ पाठांतराने, शाळेची मुलं सरगमने. तिघांना एकाच दिवशी एकत्र बसवलं तर कोणीच शिकत नाही. ऑर्गनवाल्याने प्रत्येक गाणं ठरलेल्या पट्टीत, ठरलेल्या लयीत वाजवून मोबाइलवर पाठवावं. त्यावर पंधरा दिवस सगळ्यांनी आपापल्या ठिकाणी हात बसवावा. एकत्र तालमी तीन पुरेत: पहिली गाण्यांची, दुसरी निवेदनासह, तिसरी त्याच मैदानात आणि त्याच वेळेला.

त्याच वेळेला का, तर थंडी. पौषातल्या रात्री क्लॅरोनेटचा सूर उतरतो, पितळी वाद्यांचाही. पेटीचा जवळजवळ जागेवर राहतो. दुपारी शाळेच्या खोलीत जुळलेलं सगळं रात्री उघड्यावर सुटतं. वादकांना सांगा: आपली पाळी येण्याआधी वाद्यात नुसती फुंकर घालून ते ऊबदार ठेवा.

बँडची संख्या कमी करा. एक क्लॅरोनेट, एक ट्रंपेट, एक युफोनियम, एक डग्गा. वीस जणांच्या बँडपुढे पायपेटी ऐकूच येणार नाही. उरलेले लोक नाराज होतात, म्हणून कार्यक्रमाआधी गावातून फेरी काढा आणि तिथे अख्खा बँड वाजू द्या.

परवानग्या

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपक परवानगी, मैदान शाळेचं असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र, महावितरणची तात्पुरती जोडणी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि दवाखाना-शाळेभोवतीचं १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं, ते ठाण्यात आधी विचारा. साडेसहाला सुरू करून, मध्यंतर धरून, साडेनऊच्या आत संपवा. रात्रभराच्या नाटकाची सवय असलेला प्रेक्षक 'इतक्यातच संपलं?' म्हणेल, ते चांगलंच.

गाण्यांच्या हक्काचा विचार करा. लेखक वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. किर्लोस्कर (निधन १८८५), देवल (१९१६), खाडिलकर (१९४८) यांची पदं मोकळी आहेत. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या भजनांचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. तिकीट लावणार असाल किंवा सिनेमाची गाणी घेणार असाल तर परवान्याची चौकशी करा.

मंच आणि आवाज

पायपेटी फळ्यांच्या मंचावर ठेवली तर पाय मारताना हलते. खाली जाड सलग फळी आणि चाकांना पाचर. तिचा आवाज मागून आणि खालून निघतो, म्हणून पाठ पडद्याला चिकटवू नका. माइक मागच्या फळीपासून हातभर दूर, वरच्या अर्ध्या भागाकडे. खाली लावला तर पायांची धपधप सगळ्या गावाला ऐकू येते. ऑर्गनवाल्याला गाणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे आणि तबलजी त्याच्या हाताच्या अंतरावर हवा. बँड मागे, एका बाजूला, माइकशिवाय.

साउंडवाला डीजेचा असेल तर त्याला तालमीला बोलवा. त्याचा हात आपोआप बेसकडे जातो. रोवण्याच्या गाण्याला बेस नको हे त्याला ऐकूनच पटतं, सांगून नाही.

वर कापडी छत हवंच. रात्री दंव पडतं, आणि तबल्याच्या पुडीवर, खंजिरीच्या कातड्यावर बसलं की सूर ढिला होतो. वाद्यं झाकायला जाड कापड आणि खंजिरी शेकायला मागे एक लहान शेगडी, मंडपापासून दूर, पाण्याची बादली शेजारी ठेवून. जनरेटर शाळेच्या इमारतीमागे. वीज गेलीच तर घाबरू नका: पायपेटीला वीज लागत नाही. असा एक तुकडा आधीच तयार ठेवा, माइकशिवाय वाजवायचा. लोक पुढे सरकून बसतात आणि बरेचदा तोच भाग त्यांना आवडतो.

सत्कार दहा मिनिटांत, आणि ते मध्यंतरात. सुरुवातीला शाल-श्रीफळ काढली की थंडीत बसलेल्या म्हाताऱ्या उठून जातात, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्या त्याच.

कार्यक्रमानंतर

मानधन त्याच रात्री, पाकिटात, जेवणाआधी. पेटी दुसऱ्या दिवशी सकाळी परत, दंव वाळल्यावर. मालकासमोर प्रत्येक पट्टी एकदा वाजवून दाखवा आणि फोटोंशी ताडून कागदावर सही घ्या. जाताना आत डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी ठेवा, आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं तरी वाजवा म्हणून सांगा.

म्हाताऱ्या लोकांच्या मुलाखती आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन ठिकाणी द्या: ग्रामपंचायत, शाळा, आणि ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरी. प्रत्येक फाइलच्या नावात सांगणाऱ्याचं नाव, मोहल्ला आणि तारीख लिहा. सांगणाऱ्यांपैकी कोणी म्हणालं की 'हे बाहेर नका देऊ,' तर तो भाग आधीच काढून घ्या. आणि तालमीला दोनदा येऊन गायब झालेल्या ट्रंपेटवाल्याला फोन करा. पुढच्या पौषात तो लागणारच आहे.